वडावरची डोंगरी मैना

आज सकाळी दांडेलीजवळ गणेशगुडीत एका पिकलेल्या वडाखाली मान वर करून उभे होतो. धनेश होते, हरियल होते, पण मला हवी होती डोंगरी मैना. आली! काळीकुट्ट तुकतुकीत, नारिंगी चोच, डोक्यामागे लोंबती पिवळीधमक कातडी. उडाली की पंखावर पांढरा पट्टा.

आपली साळुंकी अंगणात तुरुतुरु चालते. ही बया जमिनीवर फारशी उतरतच नाही. फांदीवरही चालत नाही, आडव्या उड्या मारत सरकते. फळ खुडलं, मान मागे झटकली की गट्टम! वड-उंबराची फळं हे मुख्य जेवण, सावर-पांगारा फुलला की मध, आणि तोंडी लावायला किडे, क्वचित एखादी पालसुद्धा. घरटं मात्र उंच झाडाच्या ढोलीत. त्यामुळे नुसती फळझाडं लावून हिचं भागत नाही, जुनी, ढोल्या असलेली झाडं लागतात.

माणसासारखी बोलते म्हणून पिंजऱ्यात कोंडतात ती हीच. रानात मात्र ती दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करत नाही, स्वतःच्याच शिट्ट्या नि घोगरे आवाज भरपूर आहेत. पाळणं बेकायदा आहे. तरी टपरीवर चहा पिताना ‘कुठे विकत मिळेल हो?’ विचारणारे एक काका भेटलेच. चहा गार होईपर्यंत त्यांच्याशी वाद घातला.

फोटो बहुतेक पाठमोरे आलेत, चालवून घ्या.