एल्फिन्स्टनच्या गावचं दफ्तर

लिम्प्सफील्डला लोक जातात ते संगीतकार डीलियसची कबर बघायला. मी गेले एल्फिन्स्टनसाठी. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर राहिलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये सरे परगण्यातल्या या गावी वारला. सेंट पीटर्स चर्चच्या आवारातच त्याला पुरलंय. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज अजून त्याच्याच नावाने ओळखलं जातं, पण इथे त्याची चौकशी करणारं मला तरी कुणी भेटलं नाही. तो राहायचा त्या हुकवुड नावाच्या घराची जमीन त्याच्याआधी कुणाची होती, हे शोधायचं मी ठरवलं.

चर्च जुनं आहे, मनोरा बाराव्या शतकातला. पण दगड बघून मालकी कळत नाही, त्याला कागदच लागतात. आणि कागदांकडे वळलं की पहिला घोळ समोर येतो तो पॅरिश आणि मॅनरचा. पॅरिश म्हणजे चर्चची हद्द: बारसं, लग्न, दफन कुठे व्हायचं आणि पिकाचा दहावा हिस्सा कुणाला द्यायचा, ते तिच्यावर ठरायचं. मॅनर ही जमीनदाराची हद्द: खंड कुणाला, न्याय कुणाचा, गायरानात गुरं कुणी सोडायची, हे सगळं तिच्यात. एका पॅरिशमध्ये तीन-चार मॅनर असू शकतात आणि एक मॅनर दोन पॅरिशमध्ये पसरलेली असू शकते. त्यामुळे कागदही दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात.

वोकिंगला सरे हिस्टरी सेंटर आहे. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवून कार्ड काढायचं, पिशवी-कोट लॉकरमध्ये ठेवायचे. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. बांधीव वही आली की ती फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर उघडी ठेवायची आणि पान मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली शिशाची माळ आडवी टाकायची. माझ्या शेजारी बसलेले आजोबा ती माळ इतक्या सराईतपणे टाकत होते, की मी त्यांच्याकडे बघूनच शिकले.

काउंटरवरच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘मागून पुढे येऊ नका, पुढून मागे जा.’ सगळे जण उत्साहाने १०८६ च्या डूम्सडे बुकापासून, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीपासून, सुरू करतात आणि मधल्या आठशे वर्षांत हरवतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

म्हणून आधी दफनाची नोंदवही. पॅरिशने अशा नोंदी ठेवायच्या हा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या वेळचा. १८१३ पासून छापील वह्या आल्या. एका पानावर आठ दफनं: नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही. हुद्द्याला रकानाच नाही. मुंबईचा गव्हर्नर असो की शेतमजूर, चौकट तेवढीच. घराण्यांच्या संगमरवरी पाट्यांनी भरलेल्या चर्चपेक्षा मला ही वही जास्त प्रामाणिक वाटते. एक सावधगिरी मात्र हवी: १७५२ च्या आधी इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. वहीत फेब्रुवारी १७४० असेल तर आपल्या हिशेबाने तो १७४१ चा.

जमिनीसाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे टाइद मॅप. १८३६ च्या कायद्याने धान्याच्या रूपातला दशमांश बंद करून त्याऐवजी रोख आकार ठरवला आणि त्यासाठी बहुतेक गावांचे मोठाले नकाशे काढले. प्रत्येक तुकड्याला नंबर. सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण की रान, आणि क्षेत्रफळ: एकर, रूड, पर्च. ४ रूडचा एकर, ४० पर्चचा रूड. मालक आणि कसणारा यांचे रकाने वेगळे असतात, सगळी गंमत तिथेच आहे. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. नकाशाच्या तीन प्रती व्हायच्या: एक दशमांशाचं काम बघणाऱ्या सरकारी कमिशनरांची, एक बिशपकडे, एक पॅरिशची. गावची फाटली असेल तर कमिशनरांची प्रत लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्जमध्ये मिळते.

त्यामागे गेलं की मॅनरचे कोर्ट रोल, म्हणजे जमीनदाराच्या कोर्टातल्या नोंदींच्या गुंडाळ्या. इथलं कूळ मेलं की वारसाने मॅनरच्या कोर्टात हजर व्हायचं, नजराणा भरायचा, पुष्कळ ठिकाणी मेलेल्याचं सगळ्यात चांगलं जनावरही जमीनदाराला द्यायचं. मग कारभारी गुंडाळीत नोंद करायचा आणि तिची नक्कल वारसाच्या हातात. तीच नक्कल म्हणजे मालकीचा पुरावा, आपल्या फेरफाराच्या उताऱ्यासारखी. ही पद्धत थेट १ जानेवारी १९२६ ला संपली. तोपर्यंत लोकांचे हक्क या गुंडाळ्यांवर टिकून होते. म्हणूनच त्या कुठे आहेत याची सरकारी यादी झाली, मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर. सरेची यादी ऑनलाइन बघता येते.

लिम्प्सफील्डची मॅनर १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्करर ने बॅटल या गावच्या मठाला दिली होती. डूम्सडेत तिथे चर्च आहे, गिरणी आहे आणि जंगलात ससाण्यांची तीन घरटीही मोजलेली आहेत. ससाणे शिकारीला लागायचे, म्हणजे तेही उत्पन्नच. १५३८ मध्ये मठ बंद झाला, मॅनर ग्रेशम घराण्याकडे आली आणि पुढे लग्नसंबंधातून ल्यूसन-गोअर कुटुंबाकडे. एल्फिन्स्टन आला तो यांच्या काळात, आयुष्याची शेवटची काही वर्षं काढायला. ज्याने १८१९ मध्ये पेशव्यांच्या मुलखावर अहवाल लिहून पाटील, कुलकर्णी आणि मिरासदारांची माहिती वरिष्ठांना कळवली, तो इथे स्वतः उपराच होता.

मठाच्या दफ्तराचा मोठा भाग आता कॅलिफोर्नियात आहे, सॅन मरिनोच्या हंटिंग्टन लायब्ररीत. ते ऐकल्यावर मी मुकाट्याने सोळाव्या शतकापासूनच्या कागदांवर समाधान मानलं. त्यातही १७३३ पर्यंतचे कोर्ट रोल, मधली क्रॉमवेलच्या राजवटीची थोडी वर्षं सोडली, तर लॅटिनमध्ये, तेही शब्द अर्धवट तोडून लिहिलेले. नॅशनल अर्काइव्जच्या वेबसाइटवर जुनं अक्षर आणि ही लॅटिन वाचायचे धडे फुकट आहेत. सध्या माझ्या रविवारच्या सकाळी त्यातच जातात, आणि हुकवुड कुणाचं होतं हे अजून मला सतराव्या शतकाच्या मागे नेता आलेलं नाही.