व्हीसेंटर 7 वरून 8 वर: अपग्रेड बटणाच्या आधी अडतं

नाशिकच्या अंबड-सातपूर भागातल्या मध्यम कारखान्यांत मांडणी साधारण सारखीच असते. तीन ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर), एक स्टोरेज, त्यावर टॅली, ईआरपी, फाइल सर्व्हर; आणि एक व्हीसेंटर, म्हणजे या सगळ्या होस्टचा कारभार एका जागेवरून बघणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघत नाही. कारणही तसंच आहे. व्हीसेंटर बंद पडलं तरी व्हीएम चालू राहतात, होस्ट गेला तर एचए (त्याच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर पुन्हा चालू करणारी सोय) आपलं काम करतंच. थांबतं ते व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणं) आणि व्हीसेंटरमार्फत चालणारा रात्रीचा बॅकअप. तेवढ्यावर बरेच जण निभावून नेतात.

पण व्हीसेंटर 7.0 चा सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 ला संपला. एप्रिल 2025 पासून पॅचसाठी टोकन (ग्राहकाचा खास कोड) असलेली लिंकही लागते. जुन्या लिंकवर अवलंबून असलेलं अप्लायन्स (व्हीसेंटर ज्यात चालतं ती तयार व्हीएम) अपडेट शोधत बसतं आणि एरर देतं. ते दुरुस्त करायचं ठिकाण म्हणजे व्हीसेंटरचं 5480 पोर्टवरचं मॅनेजमेंट पान, अपडेट सेटिंगमध्ये.

क्रम पक्का आहे: आधी व्हीसेंटर, मग होस्ट. व्हीसेंटर 8 खाली ईएसएक्सआय 7 चे होस्ट निवांत चालतात, उलट चालत नाही. लायसन्सची की मात्र नवी लागते. ती नसली तर 60 दिवस मूल्यांकनाचे मिळतात, आणि ते संपले की होस्ट डिस्कनेक्ट होतात. 7.0 चा अगदी ताजा पॅच टाकलेला असेल तर 8.0 ची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) त्याच्यानंतर निघालेली हवी, नाहीतर इन्स्टॉलर नकार देतो.

आता खरी मेख. अपग्रेड फसतं ते बहुतेक वेळा डीएनएसमुळे, म्हणजे नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव सांगणाऱ्या सेवेमुळे. व्हीसेंटरचं पूर्ण नाव आयपी देतं का, हे सगळे तपासतात. तोच आयपी उलटा विचारला तर नाव परत येतं का, हे कुणी बघत नाही. एनएसलुकअप ही कमांड दोन्ही बाजूंनी चालवा. पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नसेल तर आधी तो टाका. अनेक ठिकाणी डीएनएस सर्व्हर त्याच क्लस्टरमधली (होस्टच्या गटातली) व्हीएम असते. वळवाच्या पावसात लाईट गेली, यूपीएस दमला आणि सगळं एकदम उठलं, की व्हीसेंटर आधी आणि डीएनएस नंतर, असा घोळ होतो. क्लस्टरच्या सेटिंगमधल्या व्हीएम ओव्हरराइडमध्ये डीएनएसला सर्वांत वरची रीस्टार्ट प्रायॉरिटी द्या.

मग पासवर्ड. रूटचा (अप्लायन्सच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मूळ सेटिंगला 90 दिवसांत संपतो, आणि ते कळतं नेमकं अपग्रेडच्या दिवशी. सर्टिफिकेट पानावर मशीन एसएसएल (वेब पानाचं सर्टिफिकेट) आणि एसटीएस (लॉगिनसाठी लागणारं सर्टिफिकेट) दोन्हींच्या तारखा बघा. मशीन एसएसएल साधारण दोन वर्षांचं असतं. एसटीएस संपलं तर लॉगिनच बंद. डिस्क बघताना आर्काइव्ह विभाग भरलेला दिसला तर घाबरू नका, तो तसाच असतो. लॉग किंवा सीट (घडामोडी आणि आकडेवारीचा) विभाग भरत आला असेल तर मात्र आधी जागा करा.

बॅकअप 5480 वरूनच नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) घ्या, एसएमबी किंवा एनएफएस शेअर चालतो. यात फक्त व्हीसेंटरची माहिती असते, व्हीएम नाहीत. हा गैरसमज महागात पडतो. रिस्टोअरला त्याच आवृत्तीची आयएसओ लागते, म्हणून ती बॅकअपशेजारीच ठेवा.

काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात नवं अप्लायन्स उभं राहतं, त्याला त्याच सबनेटमधला एक मोकळा तात्पुरता आयपी लागतो. टायनी आकार 10 होस्ट आणि 100 व्हीएमपर्यंत पुरतो: 2 व्हीसीपीयू, 14 जीबी रॅम. नेटवर्क डिस्ट्रिब्युटेड स्विचवर (सगळ्या होस्टना सामाईक व्हर्च्युअल स्विचवर) असेल तर इफेमेरल प्रकारचा पोर्ट ग्रुप हवा, साधा यादीत दिसतच नाही. डीआरएस फुल ऑटोवरून काढा, नाहीतर जुनं अप्लायन्स मध्येच दुसऱ्या होस्टवर जाईल. आणि लॅपटॉपला केबल लावा, वायफायवर हे करू नये. दुसऱ्या टप्प्यात माहिती जाते, जुनं बंद होतं आणि नवं त्याचं नाव-आयपी घेतं. इथे इन्स्टॉलर विचारतो, काय काय न्यायचं? लहान साइटला फक्त कॉन्फिगरेशन आणि इन्व्हेंटरी पुरे. जुने परफॉर्मन्स आलेख नेऊन तासभर वाट बघण्यात काही अर्थ नाही.

फसलंच तर नवं बंद करून जुनं चालू करायचं, इतकं सोपं आहे. जुनं एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी) डोमेनमध्ये असेल तर ते पुन्हा जोडावं लागू शकतं. म्हणून जुनं अप्लायन्स आठवडाभर तरी ठेवा. पण त्याच्या नेटवर्क कार्डावरची 'पॉवर ऑनला कनेक्ट' ची खूण काढून ठेवा. नाहीतर साफसफाई करताना कुणीतरी ते चालू करतं आणि एकाच आयपीवर दोन व्हीसेंटर भांडत बसतात.