शोधनिबंध मागे घ्यायला लागलेले ४७ दिवस

जर्नलला पाठवलेला शोधनिबंध मागे कसा घ्यायचा, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारते: कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करून दिली आहे का? दिली नसेल तर बरंच सोपं आहे. मी दिली नव्हती, म्हणून वाचले.

आमचा निबंध काटोल-नरखेड भागातल्या संत्राबागांजवळच्या विहिरींमधल्या नायट्रेटवर होता. जानेवारीत पाठवला. एप्रिलमध्ये थिसिसचे तक्ते करायला प्रयोगशाळेची वही उघडली, तर सहा नमुन्यांपुढे माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं १:१० लिहिलेलं. म्हणजे ते पाणी दहा पट पातळ करून नायट्रेट मोजणाऱ्या यंत्राला, स्पेक्ट्रोफोटोमीटरला, लावलं होतं आणि एक्सेलमध्ये भरताना दहानं गुणायचं राहून गेलं होतं. निबंधात ५.८ लिहिलं होतं तिथे खरा आकडा ५८ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिच्यात सूट नाही. ज्या विहिरींना आम्ही सुरक्षित म्हटलं होतं, त्यातल्या सहा सुरक्षित नव्हत्या.

त्याच संध्याकाळी सहाही घरी फोन केले. तान्ह्या बाळाला हे पाणी देऊ नका, सांगितलं. एका काकूंनी विचारलं, "उकळून देऊ का?" नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं, हे त्यांना समजावलं. सगळे फोन मिळून अर्धा तास लागला. जर्नलला हेच समजवायला ४७ दिवस.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दुरुस्तीत भागणार नाही. निष्कर्षच फिरून राहिला ना. मागे घे." पत्र लिहिलं, अमरावतीच्या ताईंची, म्हणजे तिसऱ्या लेखिकेची, संमती तासाभरात आली, ८ एप्रिलला ई-मेल गेला. पोर्टलवर मागे घेण्याचं बटणच नव्हतं. निबंध संपादकाकडे गेल्यावर बऱ्याच जर्नलांमध्ये ते लेखकाच्या हातात राहत नाही, कार्यालयालाच लिहावं लागतं.

मग काहीच नाही. १७ दिवस. दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: अभिनंदन, तुमचा निबंध स्वीकारला आहे!

तीन महिने ज्याच्यावर एक शब्द आला नव्हता, तो तिसऱ्या आठवणीनंतर एका दिवसात स्वीकारला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा, भाषा सुधारावी. सोबत बिल. छापायचं असेल तर छपाईचं शुल्क, मागे घ्यायचं असेल तर दीडशे डॉलर, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास. सात दिवसांत यातलं काही भरलं नाही तर निबंध "आहे तसा" ऑनलाइन टाकू. हा शेवटचा भाग वाचून माझे हातपाय गार पडले, बाहेर नागपूरचं ऊन मी म्हणत असताना. कारण निबंध छापल्यावर तो मागे घेणं राहत नाही, ते रिट्रॅक्शन होतं. नाव, शीर्षक, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) तसंच राहतं आणि त्यावर शिक्का बसतो. आणि तोवर ५.८ हा आकडा कुणीतरी खरा समजून वापरणार.

खरं सांगते, मी पैसे भरायला निघाले होते. सरांनी अडवलं. "एक रुपया द्यायचा नाही. दिला तर उद्या आणखी मागतील."

मग शांतपणे बसून काय काय आहे ते पाहिलं. त्यांच्या पानावर कोप या प्रकाशन-नीती समितीचं बोधचिन्ह होतं. कोपच्या संकेतस्थळावर सदस्यांची यादी शोधता येते, तिच्यात हे जर्नल नव्हतं. निबंध पाठवताना लेखकांसाठीच्या सूचनांचं पान मी जतन केलं होतं, त्यात मागे घेण्याच्या शुल्काचा उल्लेख नव्हता. (पाठवायच्या दिवशीच ते पान पीडीएफ करून ठेवा. नंतर ते बदलतं, आमचं बदललं.) आणि कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: लेखी आणि सही केलेलं असल्याशिवाय हक्काचं हस्तांतरण वैध नाही. सही नाही, म्हणजे निबंध आमचाच.

हे सगळं एका ई-मेलमध्ये, रागाचा एक शब्द न घालता लिहिलं. पण सुटलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. संपादक मंडळातल्या प्रमुख प्राध्यापकांचा पत्ता जर्नलच्या पानावरून न घेता त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून घेतला आणि थेट त्यांना प्रत पाठवली, वहीच्या त्या पानाच्या फोटोसकट. दोन तासांत उत्तर आलं. निबंध त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. २५ मेला कार्यालयाचं पत्र आलं: निबंध क्रमांक अमुक, लेखकांच्या विनंतीवरून मागे घेतला, शुल्क नाही. मी ते तीनदा वाचलं आणि आईला फोन केला.

हे पत्र येईपर्यंत निबंध दुसरीकडे पाठवू नका. विनंती केली म्हणजे मागे घेतला, असं होत नाही. दोन ठिकाणी एकाच वेळी सापडला तर दोष लेखकाचा धरतात, कार्यालयाच्या मौनाचा नाही. माझ्या बॅचचा एकजण मे महिन्यातच "पाठवून टाक ना" म्हणत होता. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढली असली तरी मुलाखतीत विचारतातच, त्यामुळे घाई मलाही होती. तरी थांबले.

विषयाच्या ओळीत निबंध क्रमांक घाला, आणि प्रत्येक ई-मेल जुन्याच साखळीत पाठवा, म्हणजे तारखा एकाखाली एक दिसतात. कारण खरं लिहा. "वैयक्तिक कारण" लिहिलं असतं तर त्या प्राध्यापकांनी दोन तासांत उत्तर दिलं नसतं असं मला वाटतं.

जूनमध्ये सुधारलेला निबंध दुसऱ्या जर्नलला गेला. सोबतच्या पत्रात आधीची सगळी हकीकत लिहिली आणि २५ मेचं पत्र जोडलं. तक्ता ३ मध्ये त्या सहा विहिरी आता मर्यादेच्या वरच्या रकान्यात आहेत.