जंगलातली माती आणि एका सहीची वाट

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला चार ठिकाणच्या मातीतले जीव मोजायचे होते: सागाचं जंगल, बांबूचं रान, गवताळ पडीत आणि कपाशीचं वावर. वावराचं काम पटकन उरकलं. काका स्वतः फावडं घेऊन आले. अडलं ते जंगलात.

"माती न्यायले कायची परवानगी?" असं आधी वनविभागाच्या ऑफिसातले बाबूच म्हणाले. तेच लेखी द्या म्हटल्यावर सूर बदलला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातली वरच्या थराची माती वनोपज धरली आहे. झाडाचं पानसुद्धा. कायदा योग्यच आहे, माती उपसून नेणाऱ्यांसाठी तो हवाच. संताप झाला तो दर खेपेला नवा कागद निघाला म्हणून. कॉलेजचं पत्र दिलं तर मार्गदर्शकांची सही हवी, सही आणली तर नकाशा हवा, नकाशा नेला तर साहेब दौऱ्यावर. हे सगळं पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देता आलं असतं! तिकडे मृग गेला, आर्द्रा बरसून गेली. मृगाचे लाल मखमली किडे पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर दिसतात. ते माझ्या यादीत आलेच नाहीत, याची चुटपुट अजून आहे. उन्हाळ्यात काळी भेगाळते, गांडुळं खोल जाऊन पडून राहतात. म्हणजे हंगाम गेला की वर्ष गेलं. हे मी पुनःपुन्हा सांगत होते आणि फाईल तिथल्या तिथे होती. सही झाली तेव्हा पोळा तोंडावर आला होता.

म्हणून अर्जात 'माती हवी' असं मोघम लिहू नका. कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा वनविभागाचा नंबर), २५ बाय २५ सें.मी.चा चौकोन, ३० सें.मी. खोली, खड्डे किती आणि ते बुजवणार, सगळं लिहा. गावाला सामूहिक वनहक्क असेल, जसा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला, तर ग्रामसभेलाही आधीच भेटा.

वाणी, गोम, उधई हाताने वेचता येतात. बारीक जिवांसाठी नरसाळं लागतं: जाळीवर माती, वर बल्ब, खाली अल्कोहोल. माती वरून सुकत जाते तसे जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. लाईट जाते, त्यामुळे इन्व्हर्टरची सोय आधीच करा. बांबूखालच्या ओल्या पाल्यातून स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बिनपंखी बारीक जीव) आणि माइट (कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव) भरपूर निघाले, कपाशीत मात्र मुंग्याच जास्त. पांढऱ्या ट्रेमध्ये मोहरीहून लहान स्प्रिंगटेल पोटाखाली दुमडलेला काटा झटकून उडाला, तेव्हा मी ओरडलेच!

वाफसा आल्यावरच खणा. चिखलातून काही वेचता येत नाही. पिशवी सावलीत ठेवा, माती त्याच दिवशी नरसाळ्यात घाला. आणि अर्ज होळीच्या आत टाका, तेंदूपत्त्याची गडबड सुरू व्हायच्या आधी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.