मारुती ८००चा इंजिन बे घरी रंगवला, त्याची गोष्ट

गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, एमएच ३१ पासिंग. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो, आणि बाहेरून अजूनही कोणी म्हणणार नाही की एवढी जुनी आहे कारण बाहेरून तिला दोनदा रंग झालाय. बोनेट उघडलं की मात्र आत, म्हणजे इंजिन बे मध्ये, खरं वय दिसायचं. ऑइल आणि धूळ मिळून झालेलं काळं लोणचं, बॅटरी ट्रेखाली गंज, आणि ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली तर रंगच शिल्लक नाही, ब्रेक ऑइलने गळून गळून खाल्लेला. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग फुगून निघतो म्हणजे निघतोच.

आता हे खूळ निव्वळ हौसेतून नाही आलं. १५ वर्षं झाली की आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, आणि २० वर्षांच्या वरच्या कारला आता त्याची फीच १० हजार झाली आहे. मागच्या खेपेला चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरवर पट्टी लावून पेन्सिल घासून काढलेला ठसा, घ्यायला इन्स्पेक्टर साहेबांनी बोनेट उघडायला लावलं तर नंबर दिसेचना. ८०० मध्ये तो फायरवॉलवर असतो, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावर ठोकलेला. मी तिथे थिनर आणि जुनं बनियन घेऊन अर्धा तास घासत उभा, मागे लाईन लागलेली, सगळे माझ्याकडे पाहून राहिले. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या वेळेला असं नाही.

एका गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणे इंजिन काढायची काय गरज, धुऊन काळा फवारा मारून देतो, चकाचक. तसं काम मी पाहिलंय. पाइप, वायर, स्टिकर, सगळं एकाच काळ्या रंगात बुडवलेलं आणि चार महिन्यांनी पापुद्रे. नको म्हटलं. घरी करू, पोर्च आहे, रविवार आहेत. बाबा पेपर वाचता वाचता एवढंच बोलले, "लोकं गाडी वरून पाहतेत, अन् हा आतून रंगवून राहिला."

सुरुवात केली एप्रिलमध्ये. नागपुरात. एप्रिलमध्ये. ज्याला समजायचं त्याला समजलं.

इंजिन काढायला ओळखीचा मेकॅनिक आला, तीन पायांची घोडी आणि चेन पुली घेऊन. त्याच्या आधी दोन संध्याकाळी मी तयारी केली होती: बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढली, कूलंट आणि गिअर ऑइल खाली घेतलं, पेट्रोलच्या पाइपला बोल्ट ठोकून क्लिप लावली, बोनेटच्या बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारली म्हणजे परत बसवताना फटी वाकड्यातिकड्या येणार नाहीत. फोटो काढले दीडशेच्या वर. प्रत्येक वायरला मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने लिहिलं, लय शहाणपणा केला असं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन अर्धे तुकडे फरशीवर. तेलकट वायरवर टेप टिकत नाही. मग धाग्याने पुठ्ठ्याचे तुकडे बांधले, ते शेवटपर्यंत राहिले. बोल्टसाठी आईकडून संत्रा बर्फीचे रिकामे डबे घेतले, एका डब्यात एकाच जागेचे बोल्ट आणि आत चिठ्ठी. ही एक गोष्ट मात्र मी बरोबर केली.

इंजिन आणि गिअरबॉक्स सोबतच वर निघालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, दिसायला एवढुसं, पण साखळीला लटकून हलायला लागलं की पोटात गोळा येते. मध्ये तर्री पोहे झाले, दोन वाजेपर्यंत गाडीचं तोंड रिकामं. बोनेट नाही, इंजिन नाही, दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसून राहिली होती.

मग धुलाई. आधी पुट्टीच्या पातीने लोणचं खरवडलं, मग डिझेल आणि ब्रश, मग कपडे धुवायची पावडर आणि गरम पाणी, असं तीनदा. खरवडलेलं डिझेल-ऑइल खाली प्लॅस्टिक टाकून डब्यात जमा केलं, नालीत नाही सोडलं. बॅटरी ट्रेवर खायचा सोडा टाकला तर असा फसफसला की जणू ढोकळ्याचं पीठ, म्हणजे ॲसिड तिथे मुरलेलं होतं. फेस येणं थांबेपर्यंत सोडा टाकत राहायचा. नाहीतर वरून कितीही रंग मारा, खालून गंज चालूच.

ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून गंज काढायला घेतला आणि ट्रेच्या कोपऱ्यात लिंबाएवढं भोक पडलं. पडलं म्हणजे होतंच, गंजाने झाकून ठेवलं होतं. इथे मी हात टेकले आणि डेंटिंगवाल्या चाचांना बोलावलं. ते चाळीस वर्षांपासून हेच काम करतात, बघितलं, बोटाने ठोकलं आणि म्हणाले, "रंग तो दो घंटे का काम है भाई, जान घिसाई में जाती है." २२ गेजच्या पत्र्याचं ठिगळ वेल्ड करून दिलं, पण त्याआधी मला पेट्रोलच्या पाइपवर ओलं पोतं टाकायला लावलं आणि रेतीची बादली शेजारी ठेवायला लावली. हे मला सुचलंच नव्हतं. ग्राइंडर मी तसाच चालवत होतो, ठिणग्या उडवत, तेव्हा काही झालं नाही हे नशीब.

चाचा म्हणाले आता थांब, मी येतो मग प्रायमर मारू. मी कशाला थांबतो. भाड्याने कॉम्प्रेसर आणलेला, रंग फवारायची गन आणलेली, दुकानातून साधा राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाखाली पत्रा सपाट करणारा प्रायमर, आणि साधं थिनर. सकाळी अकराला सुरू केलं, पारा ४४ च्या आसपास. मारताना मस्त वाटलं, लगेच वाळूनही राहिलं. हात फिरवला तर अख्खा पत्रा रवाळ, रवा चिकटवल्यासारखा. झालं काय की एवढ्या उन्हात थिनर हवेतच उडून जाते, रंगाचा थेंब पत्र्यापर्यंत पोचतो तेव्हा तो ओला नसतोच, कोरडी पावडर होऊन बसतो, मग तो एकमेकांत मिसळून सपाट होणार कसा. त्यासाठी स्लो थिनर मिळते, किंवा मग पहाटे मारायचं. आणि ती कोरडी पावडर फक्त माझ्या पत्र्यावर नाही बसली. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळी काकू एक कुरडई घेऊन आल्या आणि आईच्या हातावर ठेवली, काही बोलल्या नाहीत. राखाडी कुरडई. आईने आपल्या घरच्या कुरडयांचा डबा देऊन प्रकरण मिटवलं आणि मला दिवाळीपर्यंत गनला हात लावायची बंदी झाली.

बंदी नसती तरी जूनमध्ये थांबावंच लागलं असतं. ओल्या हवेत रंग मारला तर पांढरट धुकं बसल्यासारखा होतो. गाडी चार महिने ताडपत्रीखाली, आणि मी निवांत, की प्रायमर तर मारलाय. ऑक्टोबरमध्ये ताडपत्री काढली तर सरफेसरच्या आतून जागोजागी तांबडे ठिपके. सरफेसर पाणी अडवत नाही, तो स्पंजासारखा ओल आत घेतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर लागतो, तोच पाणी थांबवतो. म्हणजे एप्रिलची सगळी मेहनत पुन्हा घासून काढायची. सँडपेपर ८० नंबर, मग १८०, मग ३२०, आणि कोपऱ्यात जिथे बोटच जात नाही तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून.

या घिसाईतच पुढची मजा निघाली. चेसिस नंबरच्या जागी हात फिरवला तर सपाट. त्या उत्साहात मी नंबरवरही सरफेसरचे दोन जाड हात मारले होते, आकडे बुजून गेले. चिकटपट्टी लावून पेन्सिल घासून पाहिली, नुसता राखाडी चौकोन आला. ज्या नंबरसाठी हा सगळा खटाटोप, तोच गायब. आणि इथे ग्राइंडर तर सोडा, सँडपेपरही नाही लावायचा, कारण आकड्याला ओरखडा जरी आला तरी छेडछाड केली असा संशय येऊ शकतो आणि मग त्या गाडीचा कागद कोण करून देणार. नशिबाने साधा सरफेसर कितीही जुना असला तरी थिनरने परत विरघळतो. इपॉक्सी असता तर मेलो होतो. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून नंबरवर ठेवायचा, पाच मिनिटं, मग लाकडी दातकोरण्याने एकेक आकडा उकरायचा. दोन संध्याकाळी लागल्या. ८ आणि ३ सगळ्यात त्रासाचे, आतले गोल लवकर साफ होत नाहीत. बाबा स्टूल टाकून बाजूला बसले होते, टॉर्च धरून, जुन्या आरसीवरून एकेक आकडा वाचत. "हं, पुढचा?" असं.

रंग कोणता, हाही वाद झाला. पांढरा पांढऱ्यात फरक असतो. फ्यूज बॉक्सखाली कंपनीचा मूळ रंग सापडला, तो बाहेरच्यापेक्षा बराच वेगळा, बाहेरचा पिवळट झालाय. शेवटी पेट्रोलचं झाकण काढून इतवारीतल्या दुकानात नेलं, त्यांनी पांढऱ्यात थेंब थेंब काळा आणि पिवळा टाकून जुळवून दिला. अर्धा लिटर पुरला. टूके पीयू घेतला, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, कारण साधा बिनहार्डनरचा एनसी रंग पेट्रोल सांडलं की निघतो. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फुप्फुसाला वाईट, कापडी रुमाल बांधून अजिबात चालत नाही, कार्ट्रिजवाला मास्कच पाहिजे. यात पैसे वाचवू नका.

डिसेंबरमध्ये पोर्चला चारही बाजूंनी प्लॅस्टिक लावून खोली केली. हवा खेळती राहावी म्हणून मला वाटलं घरात पडून असलेला कूलर लावू एक्झॉस्टला, थंडीत तसाही रिकामाच. चाचा ओरडले, रंगाची वाफ मोटरमधून गेली तर ठिणगीने भडका उडेल. मग उलटा लावला, बाहेरून आत हवा ढकलायला, म्हणजे मोटर स्वच्छ हवेत, समोर ओढणी बांधली धुळीसाठी, आणि दुसरीकडे प्लॅस्टिक उघडं. वायरिंगचा जुडगा आणि ब्रेकचे पाइप टेपने झाकत बसलो असतो तर दिवस गेला असता, त्याऐवजी किचनमधली फॉइल गुंडाळली, ती दाबली की तशीच बसते.

सकाळी थंडी असते, हार्डनर धड काम करत नाही, म्हणून साडेदहानंतर सुरू केलं. धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी मारलं. आधी इपॉक्सी, दुसऱ्या दिवशी हलकी घिसाई आणि रंग. आधी कोपरे आणि खालच्या बाजू, मग समोरचं, कारण कोपऱ्यात गनची हवा उलटी येते आणि आधी मारलेल्या ओल्या रंगावर धूळ बसवते. पहिल्याच हाताला फायरवॉलवर माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे. चाचांनी विचारलं, "कभी चमकवाया था क्या?" हो, दर सर्व्हिसिंगला एक जण पाइपवर चमक येणारा स्प्रे मारून द्यायचा, त्यात सिलिकॉन असते, आणि ते पत्र्याला इतकं चिकटून बसते की साध्या धुण्याने जात नाही. तेवढा भाग पुसून, ग्रीस रिमूव्हर लावून, परत. चेसिस नंबरवर प्रायमरचा एकच पातळ हात, रंगाचाही एकच. डाव्या एप्रनवर, म्हणजे बाजूच्या पत्र्यावर, एक ओघळ आला, तो मी बोटाने पुसायला जाणार होतो, चाचांनी हात धरला. वाळू दे, मग हजारच्या पाण्याच्या पेपरने काढ. तसाच काढला, आता मलाही सापडत नाही.

ब्रॅकेट आणि बॅटरीचा क्लॅम्प हिंगण्याच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगला दिले, पाइप आणि क्लिपा नव्या. इंजिन परत बसवताना चेन पुलीचा हूक घासला आणि समोरच्या पत्र्यावर बोटभर ओरखडा. मेकॅनिक म्हणे "काही नाही होत भाऊ", मी काही बोललो नाही, आत जाऊन पाणी प्यायलो.

चावी फिरवली तर नुसतं कट कट. बॅटरी नवी, वायर बरोबर, फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. तासाभराने उजाडलं की अर्थची वायर जिथे बॉडीला लागते तिथेही मी इतका सुंदर रंग मारलाय की करंटला वाटच नाही. बोल्टखालचा गोल तेवढा खरवडला, वायर कसली, वरून व्हॅसलिन लावलं. दुसऱ्या सेल्फला चालू.

सगळं मिळून २३ हजारांच्या आसपास गेले, त्यात माझी मजुरी धरलेली नाही आणि काकूंच्या कुरडयाही नाही.

जानेवारीत गाडी आरटीओत नेली. बोनेट उघडलं तेव्हा मी जरा बाजूला होऊन उभा राहिलो, म्हणजे नीट दिसावं. साहेबांनी पट्टी लावली, पेन्सिल घासली, आकडे एकेक करून उमटले, ८ सुद्धा, ३ सुद्धा. पट्टी काढून कागदावर चिकटवली, बोनेट धाडकन बंद केलं आणि म्हणाले, "वायपर चालवा."