अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली? ते कोण?

१९८९ साली इंग्लंडच्या टीव्हीवर दुधाची एक जाहिरात लागायची. दूध प्यायलं नाही तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडूनच खेळायची लायकी राहील, असं लिव्हरपूलचा नामांकित फुटबॉलपटू इयान रश याने खुद्द सांगितलंय, म्हणून एक पोरगा फुशारकी मारतो. दुसरा विचारतो, "अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली? ते कोण?" पहिला म्हणतो, "तेच तर!"

चारचौघांत एका फुटबॉल क्लबची अशी अब्रू काढली, पण नाव मात्र घरोघर पोचलं. मला हा क्लब आवडू लागला तो इथूनच. वास्तविक शेजारच्या ब्लॅकबर्नचा क्लब २०१० पासून पुण्याच्या वेंकीजचा. आपुलकी तिकडे वाटायला हवी होती. पण लोभ का जडावा याला नियम नसतो.

अ‍ॅक्रिंग्टन हे लँकेशायरमधलं गिरण्यांचं, लाल विटांचं गाव. १८८८ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांत या गावाचाही एक होता. तो १८९६ मध्ये बुडाला. स्टॅन्ली हा निराळा क्लब, स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या पोरांनी काढलेला. त्याला लीगमध्ये जागा मिळाली १९२१ मध्ये.

पुढे कर्ज वाढत गेलं. त्यात १९५८ मध्ये यांनी काय करावं? ऑल्डरशॉटला लष्करी कवायती बघण्यासाठी बांधलेला प्रेक्षकांचा स्टँड विकत घेतला. किंमत किरकोळ, तो सोडवून, वाहून आणून पुन्हा उभा करण्याचा खर्च कितीतरी मोठा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मार्च १९६२ मध्ये क्लबने लीगला राजीनाम्याचं पत्र धाडलं. मागोमाग मदतीचा हात पुढे आला, पत्र परत मागितलं. पण लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर ऐकेनात. राजीनामा स्वीकारला, विषय संपला. नियमाने ते बरोबर असतीलही, मला मात्र राग येतो. त्या मोसमात खेळलेले ३३ सामनेही तक्त्यातून पुसले गेले. कुणीतरी त्यांत गोल केले होते, नडगी फोडून घेतली होती. हिशेबात सगळं शून्य.

१९६६ मध्ये क्लबला टाळं लागलं. दोन वर्षांनी गावकऱ्यांनी त्याच नावाने नवा क्लब काढला. हा तोच का दुसरा, हे वकिलांनी ठरवावं. गावाने कधीच ठरवून टाकलंय.

तळाच्या स्पर्धांमधून चढत, जॉन कोलमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली, २००६ मध्ये स्टॅन्ली लीगमध्ये परतला. त्याच वेळी लीगमधून खाली घसरलेल्या दोघांत एक होता ऑक्सफर्ड युनायटेड, म्हणजे १९६२ मध्ये यांच्या रिकाम्या जागेवर बसलेला क्लब! हार्डेकर तेव्हा हयात नव्हते, याची मला जरा हळहळ वाटते.

२०१८ मध्ये स्टॅन्ली चौथी श्रेणी जिंकून तिसरीत गेला, २०२३ मध्ये पुन्हा चौथीत आला. ऑक्सफर्डने २०२४ मध्ये दुसरी श्रेणी गाठली. सूड बिड काही उगवला गेला नाही तो नाहीच.