पासिंगच्या आदल्या दिवशी बॉनेट अडकलं: माझा अनुभव

पासिंगची, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीची, तारीख जवळ आली की पिकअपवाल्याची कामं ठरलेली असतात. गाडी धुवायची, इंडिकेटर बघायचे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या चिकटवायच्या आणि चासी नंबर, इंजिन नंबर घासून वाचता येतील असे करायचे. माझ्या गाडीला आठ वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे फिटनेस दर वर्षी करावं लागतं. आठ वर्षांच्या आतल्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी चालतं. नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत साहेब म्हणाले बॉनेट उघडा, आणि ते उघडलंच नाही, तर पुढची अपॉइंटमेंट घेऊन मुकाट्याने घरी यायचं.

आदल्या दिवशी मखमलाबादला घरासमोर गाडी धुतली, इंजिन नंबर पुसायला म्हणून स्टेअरिंगखालचा खटका ओढला, तर तो ढिल्ला पडून नुसताच हाताबरोबर आला. ना जोर लागला, ना समोरून ‘खट’ आवाज आला.

या खटक्यापासून पुढच्या लॉकपर्यंत एक वायर जाते. सायकलच्या ब्रेकची असते तशीच: बाहेर कव्हर, आत पोलादी तार. कव्हर दोन्ही टोकांना पक्कं असतं, सरकते ती फक्त आतली तार. लॉकमधली कडी स्प्रिंगने बंद राहते. तार ओढली की ती सुटते, बॉनेट जरासं वर येतं आणि मग फटीत बोटं घालून दुसरी, सेफ्टीची कडी सोडवायची. म्हणजे वायर तुटली तर लॉक बंदच राहणार. ते बरंच आहे म्हणा. हायवेला भर वेगात बॉनेट उडून काचेवर आपटण्यापेक्षा घरी न उघडलेलं परवडलं.

खटका हाताला कसा लागतो यावरून दुखणं बरंचसं कळतं. ढिल्ला लागला तर तार तुटलीय किंवा खटक्यातून निसटलीय. दगडासारखा घट्ट लागला तर लॉकमध्ये चिखल नाहीतर गंज आहे. नेहमीसारखा ओढला जातोय पण उघडत नाही, तर तार लांबलीय किंवा कव्हर क्लिपमधून सरकलंय. या शेवटच्या दोन प्रकारांत पुष्कळदा सोपा उपाय चालतो. एकाने बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बरोबर मधोमध, दोन्ही तळहातांनी खाली दाबायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने खटका ओढायचा. दाबल्यावर कडीवरचा ताण जातो आणि ती सुटते.

तेवढ्यात शेजारचे नाना पहार घेऊन हजर. “सरक, कडेला घालतो आणि उचकटतो.” नानांना नाही म्हणणं सोपं नसतं, पण पहारीने दोन नुकसानं होतात. पत्रा एकदा वाकला की बॉनेट पुन्हा सरळ बसत नाही. आणि बॉनेट वर उचलाल तितका भार त्याच कडीवर येतो, म्हणजे लॉक सुटायचं सोडून आणखी आवळतं. नानांना चहा दिला आणि पहार ओट्याला टेकवून ठेवायला लावली.

मग पायाच्या जागेत आडवा होऊन, मोबाईलची बॅटरी लावून वर बघितलं. खटका दोन बोल्टवर होता, तो सोडवला. तारेच्या टोकाला धातूचा गोळा असतो, तो गळून पडला होता. तारा फुलून एकेक करून तुटल्या होत्या आणि उरलेलं टोक कव्हरच्या आत गेलं होतं. हे बघून खरं तर बरं वाटलं. तुटायचं ते आपल्या बाजूला तुटलं की निम्मं काम हातात असतं.

कटरने कव्हर दोनेक इंच सोललं. वरचं प्लास्टिक निघतं, पण खाली पोलादी वेटोळं असतं, ते पक्कडीने उलगडून तोडावं लागलं. आतली तार मोकळी झाल्यावर ती वाइस ग्रिपमध्ये धरली. साधी पक्कड इथे घसरते, ग्रिप मात्र लॉक होऊन बसते. पुतण्या पुढे बॉनेट दाबून उभा, मी आतून ओढतोय, आणि काही होईना. अख्खी वायरच माझ्याकडे येत होती.

ओळखीच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकूनही घेतलं नाही. “शेठ, कव्हर कुठं धरलंय?” कव्हर कुठेच धरलं नव्हतं, कारण ते ज्यात बसतं तो खटकाच मी सोडवला होता. कव्हर जागेवर दाबून धरलं तरच आतली तार त्यातून सरकते, नाहीतर दोन्ही मिळून येतात. डाव्या हाताने कव्हर पुढे रेटलं, उजव्या हाताने ग्रिप मागे ओढली, पुतण्याला “दाब” म्हणालो. खट.

पुढच्या टोकाला तुटली असती तर काय, हेही मिस्त्रींना विचारून घेतलं. तेव्हा जाळीतून बॅटरी मारून लॉक शोधायचं, वायर लॉकच्या ज्या पट्टीला अडकवलेली असते ती पट्टी बघायची आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने ती वायर ओढते त्याच दिशेला ढकलायची. जाळी निघाली तर सोपं जातं, पण काही गाड्यांत जाळीचे वरचे स्क्रू बॉनेटच्या आतच असतात. मग खालून हात घालावा लागतो. हे करताना इंजिन थंड हवं आणि चावी काढलेली हवी. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत गाडी बंद असतानाही अचानक फिरू लागतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, घाई कितीही असो.

उघडल्यावर बॉनेट लगेच खाली आपटायचा मोह होतो, तो टाळला. काठीचा टेकू देऊन ते तसंच ठेवलं आणि जुनी वायर काढून द्वारका भागात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. जुनी सोबत नेलेली बरी. लांबी आणि दोन्ही टोकं जुळवून घेता येतात, नाहीतर दुकानदार “बसेल, बसेल” म्हणून काहीही देतो. काढतानाच तिच्या मागच्या टोकाला सुतळी बांधली होती, त्यामुळे नवी वायर जुन्याच वाटेने रबरी बुशातून ओढून घेता आली. कुठे काटकोनात वळू दिली नाही, कारण तिथेच तार घासून तुटते.

लॉक डिझेल आणि जुन्या टूथब्रशने धुतलं. आतून निघाली ती धूळ बघून पुतण्या म्हणाला, “काका, सिंहस्थाच्या रस्त्यांची निम्मी माती आपल्याच गाडीत आहे.” ग्रीस लावलं. मग बॉनेट वर असतानाच लॉकची कडी स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केली आणि आतून खटका ओढला. सुटली. पुन्हा बंद केली, पुन्हा सुटली, तेव्हा कुठे बॉनेट खाली घेतलं. ही तपासणी न करता लावलं असतं आणि नव्या वायरने दगा दिला असता, तर सगळं पहिल्यापासून.

पासिंगला साहेबांनी इंजिन नंबर बघितला आणि पुढे सरकले.

एक गोष्ट मिस्त्रींच्या सांगण्यावरून जास्तीची केली. लॉकच्या त्याच पट्टीला बारीक पोलादी तारेचा एक फास बांधला आणि त्याचं टोक बंपरच्या मागे खाली नेऊन ठेवलं. मुख्य वायर गेली तरी वाकून हात घातला की बॉनेट उघडतं. टोक समोरून दिसणार नाही असं मात्र हवं, कारण रात्री रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जातात. आणि तो फास सैल ठेवायचा. ताणून बांधला तर खड्ड्यात गाडी आदळल्यावर तोच लॉक सोडून देईल.